कृष्णामाईचा पूर

आपली कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. वारणा भरली की कृष्णेचे पाणी मागे तुंबते. सांगलीत ऊन असो, घाटात पाऊस कोसळला की इथे पाणी चढतेच!

सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी फुटांनी मोजतात. 40 फूट म्हणजे सावध, 45 फूट म्हणजे धोका. हे आकडे आता आपल्याला वाचता येतात.

2005 साली पाणी 53 फुटांवर गेले. 2019 च्या ऑगस्टात पुन्हा चढू लागले. "त्या वेळी घरात आलं न्हाई, आता कशाला येतंय?" असे म्हणत कितीतरी लोक थांबले. पाणी 57 फुटांवर गेले. ब्रह्मनाळला माणसे बाहेर काढताना नाव उलटली. 17 जण गेले.

नदीकाठच्या भिंतींवर आता दोन रेघा दिसतात. वरची 2019 ची.