ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांचा कल : आधी ओळंबा, मग पाना

ट्रॅक्टर घेताना आपण अश्वशक्ती पाहतो, डिझेलचा खप विचारतो. पुढच्या चाकांकडे मात्र टायर एका बाजूने गुळगुळीत झाल्यावर किंवा स्टिअरिंग एकीकडे ओढू लागल्यावरच लक्ष जाते. उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना स्टिअरिंग ओढू लागले, तर प्रश्न केवळ टायरच्या खर्चाचा राहत नाही. म्हणून चाकांची ठेवण घरच्या घरी कशी तपासावी, हे प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने शिकून घ्यावे.

कॅम्बर म्हणजे काय?

ट्रॅक्टरसमोर उभे राहून पाहिल्यास पुढची चाके अगदी सरळ उभी नसतात. वरच्या बाजूला ती किंचित बाहेर कललेली असतात. या कलाला कॅम्बर म्हणतात. पुढच्या ॲक्सलवर वजन पडले की चाकाचा वरचा भाग आत झुकू पाहतो. आधीच दिलेल्या कलामुळे भाराखाली चाक जवळजवळ उभे राहते, टायर जमिनीवर सपाट टेकतो आणि स्टिअरिंग हलके फिरते.

कल प्रमाणापेक्षा जास्त झाला तर टायरची बाहेरची कड झिजते. कल उलटा, म्हणजे आतल्या बाजूला झाला तर आतली कड झिजते. दोन्ही चाकांचा कल सारखा नसेल तर ज्या चाकाचा कल बाहेर जास्त, त्या बाजूला ट्रॅक्टर ओढतो.

मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये फरक

बहुतेक मोटारींच्या सस्पेन्शनमध्ये पुढचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. काही मोटारींत विशिष्ट बोल्ट फिरवून, तर काहींत पातळ पट्ट्या घालून किंवा काढून कॅम्बर कमीजास्त करता येतो. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल बहुधा मध्यभागी एका पिनवर झुलतो आणि कॅम्बर चाकाच्या स्टब ॲक्सलच्या घडणीतच दिलेला असतो. तो पान्याने बदलायचा नसतो. त्यामुळे ट्रॅक्टरचा कॅम्बर बदलला, तर एखादा भाग झिजला, सैल झाला किंवा वाकला असेच समजावे.

माझी चूक

मी कृषिविद्या शिकवतो. यंत्रे हा माझा मूळ विषय नाही. सोयाबीनच्या कोळपणीसाठी आमच्या प्रक्षेत्रावरील ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतर मी एकदा बदलून घेतले. ४५ सें.मी. अंतरावरील तीन ओळी चाकांच्या मध्ये घ्यायच्या, तर चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३५ सें.मी. अंतर हवे. तेवढे बरोबर मोजले. पण ॲक्सलची लांबी बदलल्यावर टाय रॉडही पुन्हा जुळवावा लागतो, हे माझ्या ध्यानात आले नाही. हंगाम संपता संपता दोन्ही नव्या टायरांची आतली कड झिजली होती. कॅम्बर गेला, बुश बदलावे लागणार, असा माझा तर्क होता. शेजारी बांधकाम चालू होते. तेथील गवंड्याचा ओळंबा आणून मोजले, तर कॅम्बर ठीक निघाला. मात्र चाकांच्या पुढच्या बाजूचे अंतर मागच्या बाजूपेक्षा २४ मि.मी. जास्त भरले!

याचे गणित सोपे आहे. रिमवर ४०० मि.मी. अंतरात २४ मि.मी. फरक, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला १२ मि.मी. त्या हिशेबाने दर किलोमीटरला प्रत्येक टायर सुमारे ३० मीटर आडवा घासत होता. बुश बदलून हे घासणे थांबले नसते.

ओळंब्याने कॅम्बर कसा मोजावा?

१. ट्रॅक्टर सपाट फरशीवर किंवा ठोकलेल्या खळ्यावर उभा करावा. चाके सरळ ठेवावीत. दोन्ही टायरांतील हवा पुस्तिकेप्रमाणे व सारखी असावी.

२. काठीला ओळंबा बांधून तो चाकाच्या बाहेर, मधोमध सोडावा. दोरी टायरला टेकू देऊ नये.

३. दोरीपासून रिमच्या वरच्या कडेचे व खालच्या कडेचे अंतर मोजावे. खालचे अंतर जास्त भरले तर चाक वरून बाहेर कललेले आहे.

४. रिमच्या या दोन कडांमध्ये ४०० मि.मी. अंतर असेल, तर ७ मि.मी. फरक म्हणजे साधारण १ अंश आणि १४ मि.मी. म्हणजे २ अंश.

५. रिम वाकडी असल्यास माप फसवते. म्हणून चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजावे व दोन्ही मापांची सरासरी घ्यावी.

दोन्ही चाकांची मापे पुस्तिकेतील आकड्याशी व एकमेकांशी ताडून पाहावीत.

कल बदललेला आढळल्यास

मागच्या चाकांना उटी लावून, हँडब्रेक ओढून पुढचा ॲक्सल जॅकने उचलावा. ॲक्सलखाली मजबूत लाकडी ठोकळे द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर हात घालू नये. चाक वर व खाली धरून हलवावे. स्टब ॲक्सल जागेवर राहून फक्त चाक हलत असेल, तर बेअरिंग सैल आहे. स्टब ॲक्सलही हलत असेल, तर बुश झिजले आहे. काहीच हलत नाही आणि तरी कल चुकीचा आहे, तर स्टब ॲक्सल किंवा ॲक्सल वाकलेला असण्याची शक्यता आहे. वाकलेला स्टब ॲक्सल गॅसने तापवून सरळ करून घेऊ नये. तापवल्याने त्याची मजबुती कमी होते आणि तो भाराखाली मोडू शकतो. तो बदलावाच.

शेवटी टो-इन

चाकांची पुढची बाजू मागच्या बाजूपेक्षा किंचित जवळ ठेवतात. हाच टो-इन. बाहेर कललेले चाक बाहेरच्या दिशेने पळू पाहते, त्याला टो-इनने आवर बसतो. तो साधारणपणे ३ ते ५ मि.मी. असतो; तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा.

दोन्ही रिमच्या आतल्या कडांवर, पुढच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर खडूने खूण करून अंतर मोजावे. ट्रॅक्टर थोडा पुढे ढकलून त्याच खुणा मागे, त्याच उंचीवर आणाव्यात व पुन्हा मोजावे. या दोन मापांतील फरक म्हणजे टो-इन. तो चुकला असल्यास टाय रॉडचे चेक नट सैल करून रॉड फिरवावा. दोन रॉड असतील तर दोन्ही सारखेच फिरवावेत, नाहीतर स्टिअरिंग मध्यावर राहत नाही. नट घट्ट करून माप पुन्हा पाहावे.

बुश झिजलेले ठेवून टो-इन जुळवल्यास तो टिकत नाही. म्हणून ढिलेपणा, कॅम्बर व टो-इन हा क्रम सोडू नये.

केव्हा तपासावे?

• पेरणीच्या व ऊस वाहतुकीच्या हंगामापूर्वी.
• चाकांतील अंतर बदलल्यावर प्रत्येक वेळी.
• चाक बांधाला, दगडाला किंवा खड्ड्यात जोरात आदळल्यास त्याच दिवशी.

ओळंबा, मोजपट्टी आणि खडू एवढेच साहित्य लागते. मापे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. पुढच्या वेळी मिस्त्रीकडे जाल तेव्हा टायर कसा झिजला हे दाखवालच, सोबत मापांची वहीही न्यावी. कोणता भाग बदलायचा आणि कोणता नाही, हे त्यावरून चटकन ठरेल.