जुन्या ठोकळ्यावर नवा दिवा

प्रश्न : देवरुखजवळ आमचे चिऱ्याचे, कौलारू घर आहे. वायरिंग सत्तरच्या दशकातले, सागवानी पट्टीवर क्लिपा मारून केलेले. पुढच्या-मागच्या पडवीबाहेर दिव्यांच्या जागी गोल लाकडी ठोकळे आणि त्यांवर काळे बॅटन होल्डर आहेत. ते काढून बाहेरचे नवे एलईडी दिवे बसवायचे ठरवले, पण नव्या दिव्याच्या पट्टीची भोके ठोकळ्याशी जुळत नाहीत. शिवाय भाच्याने अमेरिकेहून पितळी कंदिलाच्या घाटाचा एक दिवा आणला आहे. त्याला काळी, पांढरी आणि एक उघडी तांब्याची तार आहे. वायरमन म्हणतो, ठोकळ्यालाच नवी भोके पाडू, दोन स्क्रू मारू आणि तिसरी तार कापून टाकू. तसे करावे का?
— एक वाचक, देवरुख (जि. रत्नागिरी)

उत्तर : करू देऊ नका. स्क्रूची भोके जुळत नाहीत ही या कामातली सगळ्यात सोपी अडचण आहे. खरी अडचण ठोकळ्याच्या मागे आहे.

वायरमन ज्याला राउंड ब्लॉक म्हणतात, तो ठोकळा म्हणजे होल्डरला टेकायला दिलेली बैठक. मधल्या भोकातून तारा पुढे येतात आणि थेट होल्डरच्या दोन पितळी टर्मिनलमध्ये कसल्या जातात. म्हणजे जुन्या रचनेत ठोकळ्यामागे सांधा असा नसतोच. नव्या दिव्याचे तसे नाही. त्याच्या पाठीतून वीतभर तारा आधीच बाहेर आलेल्या असतात, त्यामुळे घरातली तार आणि दिव्याची तार यांचा सांधा कुठेतरी करावाच लागतो. जागा नसते, म्हणून तो टेप गुंडाळून ठोकळा आणि दिवा यांच्या फटीत कोंबला जातो. रत्नागिरीच्या पावसात झड नेमकी तिथे शिरते. टेपचा डिंक उन्हाने सुटतो, लाकूड ओल धरते आणि तारेचा सांधा ओल्या लाकडाला चिकटून राहतो.

अमेरिकेतला दिवा तुमच्या ठोकळ्यावर बसत नाही, त्याचेही मूळ इथेच आहे. तिथल्या नियमाप्रमाणे तारेचा प्रत्येक सांधा पेटीत, म्हणजे बंद डब्यात असावा लागतो. भिंतीत बहुधा चार इंची गोल किंवा अष्टकोनी पेटी आधीच बसवलेली असते आणि तिला स्क्रूसाठी दोन कान असतात. दिव्याबरोबर आलेली आडवी पट्टी त्या कानांवर बसण्यासाठी केलेली आहे. मागे पेटी आहे असे गृहीत धरूनच तो दिवा बनवला आहे. आपल्याकडच्या दुकानातले बाहेरचे एलईडी दिवेही आता याच गृहीतावर येऊ लागले आहेत. तेव्हा ठोकळ्यावर दिवा कसा बसवावा याची खटपट सोडा आणि आधी पेटी बसवा.

पॉलिकार्बोनेटची, झाकणाला रबरी गॅस्केट असलेली, चार इंच लांबी-रुंदीची जलरोधक जंक्शन पेटी इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळते. ती दिव्याच्या थेट मागे न बसवता पडवीच्या आतल्या अंगाला, वाशाखाली कोरड्या जागी बसवावी, असे माझे मत आहे. सांधे तिथे करायचे आणि तिथून एक अखंड केबल बाहेरच्या दिव्यापर्यंत न्यायची. दिवा सरळ भिंतीवर बसतो, ठोकळ्याची गरजच उरत नाही, आणि पुढे कधी काही बिघडले तर शिडी पावसात लावावी लागत नाही. चिरा सच्छिद्र असतो आणि कडेला लवकर भुगा होतो, म्हणून भोक चिऱ्याच्या मध्यावर, खोल पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकावी. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात स्क्रू धरत नाही. पितळी कंदील जड असेल. त्याचे वजन भिंतीवरच घ्या, पेटीच्या झाकणावर टाकू नका. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या, आणि घर खाडीच्या किंवा समुद्राच्या वाऱ्यात असेल तर ३१६ प्रतीचे.

आता तारा. मेन स्विच बंद करून, टेस्टरने दोन्ही तारा तपासून मगच होल्डर उतरवायचा. उतरवल्यावर टोकाकडची तीन-चार इंच तार नीट पाहा. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बची धग वर्षानुवर्षे खाल्लेले रबर तिथे काळे, कडक होऊन नखाने सोलले जाते; प्लास्टिकचे आवरण असेल तर त्यालाही चिरा पडलेल्या असतात. एवढाच भाग गेला असेल तर चांगली तार लागेपर्यंत कापून मागे जाता येते. पण पट्टीवरच्या क्लिपेजवळही आवरण कडक लागले, तर त्या दिव्यापुरती तार बोर्डापासून नवी ओढणे हाच मार्ग आहे. ‘एलईडीला लोड किती लागतो’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. साठ वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर घ्यायचा आणि नऊ वॅटचा एलईडी त्याच्या मानाने फारच थोडा घेतो, हे खरे. जुन्या तारेला भार जड होत नाही. तिचे आवरण निकामी झालेले असते, आणि ते वॅट कमी केल्याने बरे होत नाही. शंका असेल तर वायरमनकडून मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारे यंत्र, लावून घ्या. वाचन एक मेगाओहमच्या खाली आले तर ती तार ठेवू नये.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी पाहून घ्या. तार सोलल्यावर आतून तांबडी दिसते की पांढरट? त्या काळात आपल्याकडे घरांतून ॲल्युमिनिअमची तार सर्रास वापरली गेली. ती चार वेळा वाकवली की तुटते आणि स्क्रूखाली हळूहळू ढिली पडते. दिव्याची बारीक तांब्याची तार तिच्याभोवती पिळून टेप लावला, तर ओलीत दोन धातूंच्या सांध्याला गंज चढतो, सांधा तापू लागतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टरच हवा. पण बाहेरच्या दिव्यासाठी मी ॲल्युमिनिअमची तार ठेवणार नाही. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी तार ओढून घेईन.

तिसरी तार कापण्याविषयी फार स्पष्ट सांगतो. ती अर्थिंगची तार आहे आणि दिव्याच्या धातूच्या अंगाला जोडलेली आहे. आत फेजची तार सुटून पितळेला टेकली, तर वीज या तारेवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. ती कापली तर वीज पितळेवर वाट पाहत राहते आणि ओल्या अंगणात उभे राहून हात लावणाऱ्याच्या अंगातून जाते. जुन्या घरांत दिव्याच्या पॉइंटला दोनच तारा असत, अर्थिंग फक्त प्लगपर्यंत येई. म्हणून बोर्डावरून दिव्यापर्यंत हिरवी तार नव्याने आणावी लागेल, आणि मुळात घराचे अर्थिंग जिवंत आहे का हेही पाहावे लागेल. अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून ‘काम भागवणे’ हा जिवावरचा उद्योग आहे, कारण न्यूट्रल कुठे तुटला तर दिव्याचे सगळे अंगच फेजवर येते. नळाच्या पाइपला जोडणेही तसेच. हल्लीचे पाइप प्लास्टिकचे असतात. हिरवी तार आणणे शक्यच नसेल, तर त्या जागी धातूचा दिवा लावू नका. प्लास्टिकच्या अंगाचा, पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असलेला दिवा घ्या. त्या खुणेचा अर्थ दुहेरी आवरण, त्याला अर्थिंग लागत नाही.

भाच्याच्या कंदिलाचे दोन धोके वेगळे आहेत. पहिला रंगांचा. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये तांबडी फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. अमेरिकेत काळी फेज, पांढरी न्यूट्रल, आणि उघडी किंवा हिरवी अर्थ. काळ्याला काळी जोडली की फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालीच. युरोपी आणि चिनी दिव्यांत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ, हेही वायरमनला सांगून ठेवा. दुसरा धोका व्होल्टेजचा. तिथे घरात १२० व्होल्ट असतात. दिव्यात एलईडी आतच बसवलेला असेल आणि पाटीवर फक्त १२० व्होल्ट लिहिले असेल, तर तो इथे लावताक्षणी जळेल. पाटीवर १००-२४० असेल तर चालेल. नुसता आट्याचा होल्डर असेल, तर आपला आट्याचा बल्ब त्यात बसतो खरा, पण तो होल्डर २५० व्होल्टचा नसेल तर काढून आपल्याकडचा आयएसआय खुणेचा चिनी मातीचा होल्डर बसवून घ्या. कंदील तोच राहील.

तुमच्या वायरमनला मी दोष देत नाही. पन्नास वर्षे हे काम असेच होत आले आहे आणि एका दिव्याच्या मजुरीत पेटी, केबल, अर्थिंग कोणी मागत नाही. तुम्ही मागा, आणि त्याचे पैसे द्या.

प्रश्न : अंगणातला जुना बल्ब काढून एलईडी लावला. बटण बंद केले तरी रात्री तो मिणमिणत राहतो. दिवा खराब आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. बटणात लाल इंडिकेटर असेल तर त्याच्या वाटे येणारा क्षीण प्रवाहही एलईडीला पुरतो. इंडिकेटर काढून पाहा. बटणाच्या दोन्ही तारा लांबवर शेजारून गेल्या असतील तरीही असे होते. पण तिसरे कारण गंभीर आहे. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले आढळते. अशा वेळी बटण बंद असतानाही दिव्यापाशी फेज हजर असतो. पिवळा बल्ब ते कधी दाखवत नव्हता, एलईडी दाखवतो आहे. बटण बंद ठेवून दिव्याच्या टर्मिनलवर टेस्टर लख्ख पेटला, तर बोर्डात फेज बटणावर आणून घ्या. तोवर ‘बटण बंद आहे’ म्हणून कोणीही तो दिवा पुसायला किंवा उतरवायला जाऊ नये. मेन स्विच बंद करूनच हात लावावा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या कुंपणावर आयपी ६५ लिहिलेले नवे दिवे जुन्या लोखंडी खांबांवर बसवले. पहिल्याच पावसात दोन दिव्यांत पाणी साठले. एका खांबाला हात लावला की मुंग्या येतात, असे रखवालदार सांगतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हे वाचताच त्या दिव्यांचा एमसीबी बंद करा आणि तपासणी होईपर्यंत बंद ठेवा. मुंग्या येणे म्हणजे खांबावर वीज उतरली आहे. आज मुंग्या आल्या. उद्या पाय ओले असतील तर झटका प्राणघातक ठरू शकतो. प्रत्येक खांबाला अर्थिंगची तार बोल्टने जोडलेली आहे का आणि तो बोल्ट गंजलेला नाही ना, हे परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या.

पाण्याचे कारण दिव्याच्या पाठीशी सापडेल. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार चालते. पण ही हमी केबल ग्लँडमधून, म्हणजे केबल आत जाते त्या गोल रबरी तोंडातून, योग्य जाडीची गोल केबल गेली असेल तरच खरी. जुन्या खांबातून वर आलेल्या दोन सुट्या तारा किंवा चपटी तार त्या गोल रबरात घातली, तर दोन्ही बाजूंना फट राहते. रात्री दिवा तापतो, आतली हवा प्रसरण पावून बाहेर पडते. पावसाचा शिडकावा होऊन तो निवला की त्याच फटीतून ओली हवा आणि पाणी आत ओढले जाते. गोल केबल वापरा, ती दिव्यात खालून घ्या आणि आत जाण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळावरून ठिबकून जाईल. भिंतीवरच्या दिव्याला सिलिकॉन लावाल तेव्हा वरची आणि दोन्ही बाजूंची कड बंद करा, खालची मोकळी ठेवा. चारी बाजू बंद केल्या तर आत जमलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. जुन्या पाइपांची उघडी तोंडेही बुजवा. कुंभारीण माशी तिथे मातीचे घर करते, पाली शिरतात, आणि ती ओली माती तारांना चिकटते.

कुंपणाच्या दिव्यांना ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा खटका, नसेल तर याच कामात बसवून घ्या. त्याच्या जोडीला अर्थिंग हवेच. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच तो पडतो. नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबतो. असलेल्या आरसीसीबीवर ‘टेस्ट’ असे लिहिलेले छोटे बटण असते. मृग लागण्यापूर्वी ते एकदा दाबून पाहा, आणि खटका पडला नाही तर त्याच दिवशी तो बदलून घ्या.