दुसऱ्याच्या दुःखाचा हिशोब मांडताना



कर्म करावे आणि फळाची आसक्ती ठेवू नये, हे आपण सत्संगात नेहमी ऐकतो. या पाठात हाच विचार एका व्यवसायाच्या आधारे समजून घेऊ. अपघातात जखमी झालेल्यांचे आणि मृतांच्या कुटुंबीयांचे भरपाईचे दावे चालवणाऱ्या वकिलाचा हा व्यवसाय आहे. अशा वकिलाकडे सुखाची बातमी घेऊन कोणी येत नाही. वीस-पंचवीस वर्षे रोज दुसऱ्याचे दुःख ऐकणाऱ्या माणसाने आपले मन कसे राखावे, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे.

१. वेदनेचे गणित

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार असे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात. अपघात परराज्यात झाला, तरी कुटुंब जिथे राहते तिथल्या न्यायाधिकरणात दावा दाखल करता येतो. भरपाई 'न्याय्य' असावी, असे कायदा सांगतो. न्याय्य म्हणजे किती, हे ठरवण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत घालून दिली आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, स्वतःचे दुकान चालवणारा तीस वर्षांचा एक शिंपी अपघातात गेला. महिन्याची कमाई १५,००० रुपये. घरी पत्नी, दोन मुले आणि आई. भविष्यातील वाढीसाठी कमाईत ४० टक्के मिळवले की २१,००० होतात. चार जण अवलंबून असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश भाग वजा होतो, उरतात १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. तीस वर्षे वयासाठी गुणक १७ आहे. एकूण रक्कम ३२,१३,००० रुपये. याशिवाय अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी अशा काही ठराविक रकमा मिळतात.

हिशोब बरोबर आहे. पण समोर बसलेल्या आईला या आकड्यातून मुलगा परत मिळत नाही. हे वकिलालाही माहीत असते. तरीही त्याला हा हिशोब अचूकच मांडावा लागतो, कारण कमाईचा एक पुरावा राहून गेला तर मुलांच्या शिक्षणाचे पैसे कमी होतात. इथे डोळ्यांत पाणी येण्यापेक्षा कागद नीट लावणे ही मोठी करुणा आहे.

२. दोन टोके

या व्यवसायात मन दोन बाजूंना घसरते. काहींचे मन हळूहळू कोरडे होते. समोरचा माणूस दिसेनासा होतो, फक्त फाइलचा क्रमांक दिसतो. काहींचे मन प्रत्येक दुःखात वाहून जाते. त्यांना झोप लागत नाही, निर्णय घेता येत नाही आणि शेवटी अशिलाचेच नुकसान होते.

साधनेचा मार्ग या दोन्हींच्या मधून जातो. अलिप्तता म्हणजे भावना नसणे नव्हे. समोरच्याचे दुःख पूर्ण ऐकून घ्यावे, आपल्या हातात असलेले काम सर्व शक्तीने करावे आणि निकाल आपल्या हातात नाही हे ओळखावे. अशा माणसाला दावा हरल्यावर वाईट वाटते, पण तो मोडून पडत नाही. जिंकल्यावर आनंद होतो, पण अहंकार चढत नाही.

३. फळात वाटा नाही

अमेरिकेत अशा दाव्यांत वकील मिळालेल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून घेऊ शकतो, बहुधा एक तृतीयांशाच्या आसपास. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही मागता येत नाही. स्वतःची जाहिरात करून अशील गोळा करण्यासही मनाई आहे.

नियम असले तरी मोह संपत नाही. रुग्णालयाच्या दारात दलालामार्फत अशील गाठणे, जखम वाढवून दाखवणे, विधवेच्या भरपाईवर डोळा ठेवणे, हे सगळे मोह याच वाटेवर उभे असतात. केलेल्या श्रमाचा ठरलेला मोबदला घेणे यात काहीही गैर नाही. दुसऱ्याच्या संकटाला आपली संधी मानणे ही मात्र अधोगतीची पहिली पायरी आहे.

सेवेलाही इथे जागा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया आणि बालकांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील होत नाही. त्यामुळे कुटुंबाची वर्षानुवर्षांची वणवण वाचते. ज्या तडजोडीत आपली फी कमी होते पण अशिलाचे खरे हित आहे, ती सुचवणारा वकील स्वधर्म पाळतो.

४. घराचा उंबरठा

दिवसभर अपघातांचे तपशील वाचणाऱ्या वकिलाला मुलगा दहा मिनिटे उशिरा आला तरी धास्ती वाटू शकते. घरातल्या साध्या बोलण्यात उलटतपासणीचा सूर येऊ शकतो. बाहेर अनेकांना आधार देणारा माणूस घरच्यांसाठी मात्र थकलेला उरतो. ही सेवा पूर्ण झाली असे म्हणता येणार नाही, कारण कुटुंब हेही आपल्या कर्तव्याचेच क्षेत्र आहे.

यावर उपाय साधा आहे. काम संपल्यावर पाच मिनिटे शांत बसावे. आज भेटलेल्या दुःखी जिवांसाठी प्रार्थना करावी आणि त्यांचा भार परमेश्वराच्या चरणी ठेवून मगच घरात यावे. डॉक्टर, परिचारिका, पोलीस, शिक्षक अशा सर्वांनाच हा अभ्यास उपयोगी आहे.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या कामात मला माणूस दिसतो की फक्त काम?
२. दुसऱ्याच्या अडचणीतून मला अयोग्य लाभ होतो का?
३. दिवसाचा ताण मी घरी कोणावर काढतो?

या आठवड्याचा संकल्प

रोज सायंकाळी पाच मिनिटांचे मौन पाळावे. तसेच ओळखीत एखादे अपघातग्रस्त कुटुंब असेल, तर त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत मदतीची माहिती द्यावी आणि गरज असल्यास त्यांच्यासोबत तिथपर्यंत जावे.