वर्गणी घेतली, कथा विकली नाही

ॲपवरच्या माझ्या क्रमशः कथेच्या वर्गणीत १९९ रुपयांचा दर मी ठेवला, ही चूक माझी. पण तो भरणाऱ्या एका बाईंनी पुढे जे केलं ते माझ्या चुकीत बसत नाही, आणि ते कुणाला तरी सांगायचंच होतं.

माझे दर तीन होते. २९ रुपयांत पुढचा भाग आठ दिवस आधी. ९९ मध्ये शिवाय महिन्याला एक जादा कथा. १९९ मध्ये लेखिकेशी फोनवर गप्पा आणि ‘कथेच्या वळणावर तुमचं मत’. हे शेवटचे शब्द ॲपवाल्या मुलानं सुचवले. “ताई, वरचा दर मोठा असला की मधला स्वस्त वाटतो.” खरं आहे ते. पण वरच्या दरातही माणसं येतात आणि मग दिलेला शब्द पाळावा लागतो, हे त्यानं सांगितलं नाही. पाळायचा त्याला नव्हता ना!

२९ चे ४१ जण आले, ९९ चे ११, १९९ चे ४. पहिल्या महिन्यात मी मेडशीच्या स्टँडवरून घरी पेढे आणले.

मग ऑक्टोबर. सोयाबीन सोंगून सुडी लावलेली, वर आभाळ भरून आलेलं, आणि थ्रेशरवाला तीन दिवस ‘उद्या येतो’ म्हणत होता. मी ताडपत्री ओढत असताना त्या १९९ वाल्या बाईंचा फोन आला. ४० मिनिटं. नायिकेनं नवऱ्याचं घर सोडायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. ती घर सोडणार हे मी पहिला भाग लिहिला तेव्हाच ठरवलेलं. दोन वर्षं मी तिला त्या उंबऱ्यापर्यंत आणत होते. सगळं शांतपणे समजावलं. त्या म्हणाल्या, “मग मी पैसे कशाचे भरते?”

मला उत्तर देता आलं नाही. ‘तुमचं मत’ हे शब्द माझ्याच नावाखाली होते. मत म्हणजे मी ऐकीन, असा माझा अर्थ; मी मानीन, असा त्यांचा. संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “पैसे घेतले तं आयकाच लागन बाई.” ते जास्त लागलं.

नायिकेनं घर सोडलं. त्याच रात्री बाईंनी पैसे भरून वाचायच्या भागांचे स्क्रीनशॉट वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि तीन महिन्यांचे ५९७ रुपये परत मागितले. मी दिले, माझ्या खात्यातून, पूर्ण. माझ्या हातात मात्र कापून उरलेलेच आले होते. प्ले स्टोअरमधून भरलेल्या वर्गणीवर गुगलनं १५ टक्के घेतले होते, ॲपचा वाटा वेगळा. तुम्हीही वर्गणी सुरू करणार असाल, तर परतफेडीचा नियम आधी लिहून ठेवा, नाहीतर पदरचे घालाल.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली. वर्गणीदाराला वर्गणीत अंक मिळत होता. तिच्या नायिकेचं, यमूचं, काय करायचं, हे हरिभाऊच ठरवत होते. आपल्याकडे वर्गणीचा अर्थ शंभर वर्षांहून जास्त काळ हाच आहे. तो मी माझ्या हातानं बदलला.

म्हणून दरात वेळ विकू नका. फोन नको, ‘तुमच्या नावाचं पात्र’ नको. जे एकदा लिहिलं की चाळिसांना आणि चारशेंना सारखंच पुरतं, तेच द्या. आणि पेरणी-सोंगणीच्या महिन्यात किती भाग होतात ते मोजून मगच महिन्याचा आकडा जाहीर करा. मी उन्हाळ्यातला मोजला होता.

फुकट दिलेलं मागे घेऊ नका. मी जुने भाग कुलूपबंद केले. एका जुन्या वाचक मुलीनं लिहिलं, “ताई, माझे शेवटचे दहाच राहिले होते.” तिला मी काय सांगणार? चालू वर्गणीदारांचा दरही मध्येच बदलू नका. २०१७ च्या डिसेंबरात पॅट्रिऑन या लेखक-कलाकारांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या कंपनीनं शुल्काचा भार वर्गणीदारांवर टाकायचं जाहीर केलं. एक डॉलर देणाऱ्याला १ डॉलर ३८ सेंट पडणार होते. सगळ्यात जास्त झळ लहान वर्गणीला बसणार होती. लोक सोडून जाऊ लागले आणि आठवडाभरात कंपनीला माघार घ्यावी लागली.

अजून एक. आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीत, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी वाचकाला संदेश जातो. पंधरा दिवस तुमचा भाग आला नसेल, तर तो संदेश वाचूनच माणूस वर्गणी बंद करतो. माझे सात जण असेच गेले. नियमित लिहा, वाचकांशी गोड बोला, हे तर सगळेच सांगतात.

आता माझा एकच दर आहे, ४९ रुपये, भाग आठ दिवस आधी. २३ जण आहेत. नायिका अकोल्यात भाड्याच्या खोलीत राहते आणि पुढचा भाग मी लिहीत आहे. त्या बाई अजून प्रत्येक भाग वाचतात, आठ दिवसांनी, फुकट. वाचकांच्या यादीत नाव दिसतं. ५९७ रुपये मिळाल्याचा साधा एक शब्द त्यांनी अजून लिहिलेला नाही.