फवारणीचं चित्र घेणार कोण?

अमरावती

चि. सोनू,


तुझ्या फवारणीवाल्यांच्या चित्रांचे फोटो पाहिले. पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा, मागं पऱ्हाटी. २०१७ साली यवतमाळकडं फवारताना विषबाधेनं माणसं गेली, तेव्हा तू शाळेत होतीस. तरी ते तुझ्या मनातून गेलं नाही, हे बरं वाटलं. आता तू विचारतेस, असली चित्रं विकतात का, की अकोल्यातल्या नव्या फ्लॅटांसाठी गणपती न् सूर्यास्तच काढावेत?

विकतात. फक्त दिवाणखान्यात गिऱ्हाईक शोधू नको. चहा पिताना समोर तो फवारणीवाला लोकांना नको असतो, आणि यात त्यांचा दोष मला तरी दिसत नाही.

आपल्या विदर्भातलाच प्रभाकर पाचपुते बघ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा, खाणकामगारांच्या घरातला. त्यानं कोळशानंच खाणीतली माणसं काढली, कित्येकदा थेट भिंतीवर, म्हणजे प्रदर्शन संपलं की पुसायची! विक्रीच्या हिशेबानं याहून वेडेपणा नाही. पण त्याच्या माणसांना डोक्याच्या जागी दिवे न् अवजारं आली, अन् लोक थबकले. २०२१ मध्ये वेल्सचा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा जणांत वाटून दिला, त्यात हा होता. त्यानं कीव मागितली नाही, हे ध्यानात घे. तुझ्या एका चित्रात झाडाला दोर लोंबतोय, तो काढून टाक. शेतकऱ्याचा फास इतका छापून आलाय की आता कोणाला दिसतच नाही. खांद्यात रुतलेला पंपाचा पट्टा मात्र तू स्वतः पाहिला आहेस.

पोटाचं वेगळं बघ. सुधीर पटवर्धनांनी ठाण्यात १९७५ पासून तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं न् कामगारांची, रस्त्यावरच्या माणसांची चित्रं रंगवली. तुझं ए.टी.डी. झालंय; शाळेत चित्रकलेची नोकरी मिळाली तर सोडू नको. नुसत्या चित्रांवर जगणं कसं असतं, तेही बघ. चित्रकार चित्तप्रसादांचं बंगालच्या १९४३च्या दुष्काळावरचं पुस्तक इंग्रजांनी जप्त करून नष्ट केलं. ते पुढं मुंबईत हलाखीत राहिले. आज संग्राहक त्यांची चित्रं शोधतात. त्याचा त्यांना काय उपयोग?

आणखी एक. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन ये. रोजंदारीवरची बाईसुद्धा बाबासाहेबांचं चित्र पदरचे पैसे मोजून घेते न् छातीशी धरून घरी नेते. गॅलरीवाले हा बाजार मोजत नाहीत, पण राजकीय चित्राला एवढं गिऱ्हाईक मला दुसरीकडं कुठं दिसलेलं नाही. तिला परवडेल असं काही कर. लिनोकट शिक. एका ठशाचे ठरावीक छापे, प्रत्येकावर क्रमांक न् सही, किंमत रोजंदारीवरच्या माणसालाही झेपेल एवढी. मोठे कॅनव्हास मुंबईसाठी राहू दे, आणि त्यांचा भाव सांगताना लाजू नको.

दिवाळीत येशील तेव्हा शाई तेवढी आण, रोलर माझ्याकडं आहे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा