वरण शेवटच्या ताटापर्यंत पोचलं पाहिजे

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात मिळत होते चार हजारांच्या आसपास. तूरडाळ मात्र किलोला दीडशेच्या वर गेलेली, आणि दिवाळीच्या तोंडावर तेलही महागलं. सोनाळा गावातल्या आमच्यासारख्या कोरडवाहू घरांचा किराणा त्या हिवाळ्यात आखडला. यादीत डाळ निम्म्यावर आली. चहा, साखर, टोस्ट, पोरांचे चटकदार पुडे होते तसेच राहिले.

वरण पातळ झालं. आधी माणसं, मग पोरं, मग सासूबाई असं वाढता वाढता जावेच्या ताटात भाकर आणि ठेचाच उरायचा. सकाळी चहा-टोस्ट खाऊन ती कापूस वेचायला जायची. उन्हाळ्यात तिला पाण्याचा गुंड उचलताना धाप लागू लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९. बाईला निदान १२ हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय आढळला, म्हणजे हे दुखणं काही आमच्या एकट्या घराचं नव्हतं.

कुणाच्या तरी सांगण्यावरून ताकदीच्या पावडरीचा महागडा डबा घरात आला. त्यानं काही झालं नाही. उपयोग झाला तो सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांचा, आणि ताटातल्या बदलाचा. हिमोग्लोबिन इतकं खाली गेलं असेल तर नुसत्या पालेभाजीवर विसंबू नका. गोळ्या आधी, त्याही डॉक्टरांना विचारून.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस आणि ४०० ग्रॅम भाज्या धरल्या आहेत. आपल्याकडे धान्य भरपूर पडतं, डाळच कमी पडते. म्हणून पैसा आखडला की आधी तेल, साखर, टोस्ट आणि पुडे कमी करा. डाळीला हात लावू नका. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना आपल्या जिल्ह्यात धान्याऐवजी माणशी महिन्याला १७० रुपये खात्यात मिळतात. ते आले की त्याचं कडधान्यच घ्यावं. तूर परवडत नसेल तर मूग, मोट, हरभरा चालतो, आणि मोड आणले तर अजून चांगलं. फल्लीच्या दाण्याची, तिळाची, जवसाची चटणी ताटात रोज असू द्या.

वरणावर लिंबू पिळा, किंवा व्यापाऱ्यानं न घेतलेली बारीक संत्री जेवणासोबत खा. डाळीतलं लोह त्यानं अंगी लागतं. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब ठेवा; चहानं तेच लोह अडतं.

मला सगळ्यात जास्त सलतं ते शेताचं. पूर्वी कपाशीत तुरीची तासं असत, मूग-उडीद असे, धुऱ्यावर अंबाडी असे. ज्वारी घरची होती. आता सगळं रान सोयाबीन-कपाशीचं, आणि शेतकऱ्याच्याच घरात डाळ, भाजी विकतची. पावसाळ्यात तरोटा, चिवळ, कटुर्ली फुकट मिळतात, पण तणनाशक मारलेल्या शेतातली भाजी कधीही तोडू नका. शेवग्याचं एक झाड अंगणात लावा. शेंगा विका हवं तर, पाला घरात खा.

आमच्या तालुक्यात पूर्णा नदीकडच्या खारपाणपट्ट्यात पाणीच खारट आहे. तिथल्या घरांनी पापड, लोणचं, फरसाण बेतानंच खावं. किडनीचा आजार असणाऱ्यांनी डाळ आणि पालेभाजी किती खायची हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं, माझ्या सांगण्यावरून नाही.

आमच्या घरी आता बायांच्या वाटीतलं घट्ट वरण आधी बाजूला काढून ठेवतात, मग पंगत बसते. याला एक रुपयाही लागत नाही.

बायांनो, यंदाच्या पेरणीचं ठरेल तेव्हा तुम्हीही बसा. दोन तासं तुरीची, एक मुगाचं आणि धुऱ्यावर अंबाडी, एवढं मागूनच घ्या.