आजेसासूंबद्दल बोलायचंय ना, मग आधी त्यांच्याजवळ बस

हे बघ, आजेसासूंच्या सहस्रचंद्रदर्शनाला तू बोलणार आहेस हे ऐकून मला फार बरं वाटलं. हदगावात सून म्हणून जाऊन तुला अजून फार दिवस झाले नाहीत, तरी घरानं हे काम तुझ्याकडं दिलं. पण तू म्हणालीस ना, "ताई, त्यांनी जन्मभर घरच केलं, त्यावर काय बोलू?", तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात आहे.

त्यागमूर्ती, अन्नपूर्णा, वात्सल्यसिंधू हे शब्द आधी बाजूला ठेव. ते कुठल्याही आजीला लावता येतात. त्यापेक्षा काही दिवस दुपारची त्यांच्याजवळ बसत जा. शेंगा फोडायला घे, नाहीतर वाती वळायला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया समोर बसवून विचारलं की गप्प होतात. हात चालू असले की आपोआप बोलतात.

आणि सालं विचारू नकोस. शाळेचं तोंड न पाहिलेल्या कितीतरी बायांच्या आधार कार्डावर १ जानेवारी हीच जन्मतारीख असते, तिच्यावरून काही कळायचं नाही. "रझाकारीत तुम्ही केवढ्या होता?" असं विचार. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पैनगंगेच्या अलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड. निजामाच्या बाजूनं दहशत माजवणाऱ्या रझाकारांच्या भीतीनं लोक नदी ओलांडून उमरखेडकडं जायचे. तिथं स्वातंत्र्यसैनिकांचा कॅम्प होता. कडेवर लेकरू आणि डोक्यावर गाठोडं घेऊन निघालेल्या बायांची कुठं नोंद झाली नाही. १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करतो, तेव्हा त्या बायांची आठवण किती जणांना होते? तुझ्या आजेसासू १९४८ साली चार-पाच वर्षांच्या असतील. त्यांना स्वतःला आठवत नसलं तरी त्यांच्या मायनं सांगितलेलं आठवत असेल. ते जसंच्या तसं, त्यांच्याच बोलीत लिहून घे. तू शुद्ध करायला जाऊ नकोस.

मग बहात्तरच्या दुष्काळाचं विचार. इथं मात्र घाई करू नकोस, कारण "जन्मभर घरच केलं" हे किती अपुरं आहे, ते इथं तुला कळेल. त्या साली मराठवाड्यातल्या बाया दुष्काळी कामावर गेल्या. खडी फोडली, तलावाची माती वाहिली. बाहेरून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी केल्या, लेकरांना सुकडी खाऊ घातली. ज्या घरांतल्या बायांनी तोवर उंबरा ओलांडला नव्हता, त्यांतल्याही कित्येक जणी त्या साली पाटी घेऊन उभ्या राहिल्या. घरात तेव्हा खाणारी तोंडं किती होती, आधी कोणाला वाढायच्या, शेवटी त्यांच्या वाटणीला काय उरायचं, पाणी कुठून आणायच्या, हे सगळं विचार. घर चालवणं म्हणजे काय, ते या उत्तरांत आहे. माझं तर स्पष्ट मत आहे की त्या दोन वर्षांत गावं सरकारी कामांनी जेवढी तगली, तेवढीच या बायांच्या हिशोबानं तगली.

लेकरं किती झाली, हेही विचारशील. त्या म्हणतील, "सहा झाले, चार हाती लागले." त्या दोघांबद्दल लगेच खोदू नकोस. त्या आपण होऊन बोलल्या तर ऐक, आणि ते तुझ्यापाशीच ठेव. मांडवात सांगायचं काय आणि सुनेच्या कानातच राहायचं काय, हे त्यांना विचारूनच ठरव.

त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, भाऊ, लेक, पाऊस, विठ्ठल, सगळं त्यांत आहे. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आपलं आयुष्य असं सांगून ठेवलं.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तू वाचलं आहेस का? नसशील तर आधी ते वाच. त्यांचे पती रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले. मुलाला, देवदत्तांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या. लक्ष्मीबाई लिहायला बसल्या नवऱ्याबद्दल आणि त्यातून उभ्या राहिल्या त्या स्वतः. पुस्तक १९३४ पासून भागाभागानं आलं. लहानपणी लग्न झालेली, लग्नानंतर अक्षरं शिकलेली, नवऱ्याच्या धर्मांतरानं संसार मोडायला आलेला असताना लेकराला घेऊन तगलेली ही बाई. तिनंही आयुष्यभर घरच केलं, असं म्हणता येईल. पण तिला कुणीतरी विचारलं, म्हणून मराठीला ते पुस्तक मिळालं. तुझ्या आजेसासूंना त्यांच्या लेकांनी आजवर विचारलं असेल असं मला वाटत नाही. आता तू विचारते आहेस.

एक प्रश्न मात्र चुकवू नकोस. "माय, तुम्हाला स्वतःला काय करायचं होतं?" कदाचित त्या हसतील आणि म्हणतील, मला काय करायचं होतं! तरी दोन दिवसांनी परत विचार. कुणाला शाळेत जायचं असतं, कुणाला पंढरीची पायी वारी करायची असते, कुणाला तामशाच्या बारालिंगाची भाजी-भाकरीची पंगत मैत्रिणींसोबत बसून जेवायची असते. त्यातलं जे अजून होण्यासारखं आहे ते करून टाका. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. अडचण असते ती सोबतीची.

आता जरा रुक्ष बोलते, पण मोठी बहीण म्हणून बोलायलाच पाहिजे. आजोबा, म्हणजे तुझे आजेसासरे, गेल्यावर वारसाचा फेरफार झाला का, आणि सातबाऱ्यावर आजेसासूंचं नाव लागलं का, ते बघ. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या हिश्श्यात बायकोचा वाटा लेकाइतका आणि लेकीइतकाच असतो. ज्या बाईनं पन्नास वर्षं त्याच रानात खुरपण केली, कापूस वेचला, तिचं नाव त्या कागदावर असणं हा कुणाचा उपकार नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं. पुढं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, म्हणजे नवऱ्यानं आपण होऊन बायकोच्या नावे जमीन करायची. ती हाक ऐकून कितीतरी शेतकऱ्यांनी तसं केलंही.

म्हणून हक्कसोडपत्रावर "काय, आपलंच तर आहे" म्हणत कुणी त्यांचा अंगठा घेत असेल, तर प्रेमानं पण ठामपणे आडवी हो. आणि त्यांना स्वतःहून नातवाला काही बक्षीसपत्र करून द्यायचंच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानुसार ती अट पाळली नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. तोंडी शब्दावर हे जमत नाही. सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. तेही काढलं नसेल तर कार्यक्रमाआधी काढून टाका. हार-शालीचा खर्च त्यानंतर ठरवा.

भाषणात त्यांचं कौतुक भरपूर कर, हातचं राखू नकोस. चार लेकरं मार्गी लावली, सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, नातवंडांना अंगाखांद्यावर वाढवलं, हे सगळं मोठंच आहे आणि ते मोठं म्हणूनच सांग. पण कुणी तुझ्याकडं बोट करून म्हणालं, "बघ, अशी सून व्हायला पाहिजे," तर मान डोलवू नकोस. त्यांना जे निवडायला मिळालं नाही, ते तुला आणि तुझ्या लेकीला मिळावं, हे आजेसासूंच्याच तोंडून ऐकायला मिळेल. विचारून तर बघ.

आणि लग्नात त्यांचं नाव बदललं असेल, तर माहेरचं नाव काय होतं ते आजच विचार. त्यांची हरकत नसेल तर भाषणाची सुरुवात त्याच नावानं कर.